कर कुठे भरला, हक्क कुठे राहिला?
(देवळा येथे मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात दिलेले व्याख्यान)



सत्काराच्या दिवशी करांसारखा रुक्ष विषय का घेतला, असे काहींना वाटेल. हा विषय मला एका मावशींनी दिला. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मागे एकदा इथल्या बसस्थानकावर त्या भेटल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, पोरगा वीस वर्षं झाली सुरतेला मागावर आहे. नातू तिथंच जन्मला, तिथंच बारावी झाला. आता पुढं घालायचं तर तिकडचे म्हणतात, तुमचा दाखला महाराष्ट्राचा. इकडं आणावं तर इकडचे म्हणतात, पोरगं शिकलं गुजरातेत. मग आम्ही हाये तरी कुठले?"

मी अर्थशास्त्राचा निवृत्त शिक्षक. इतकी वर्षे फळ्यावर प्रत्यक्ष कर आणि अप्रत्यक्ष कर शिकवले, पण या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. घरी गेलो, जुनी-नवी पुस्तके उघडली, नियम वाचले. आजचे भाषण म्हणजे मावशींना दिलेले उशिराचे उत्तर समजा.

आपला हा कसमादे पट्टा सीमेजवळचा. कळवण ओलांडून सुरगाण्याकडे गेलो की गुजरात लागते, सटाणा-ताहराबादकडून डांग लागते. आपला कांदा सुरतेला जातो, सुरतेची साडी आपल्या बाजारात येते. आपली पोरे सुरत, वापी, सिल्वासा गाठतात. माल जातो, माणूस जातो, पैसा जातो-येतो. मग सरकारच्या तिजोरीत टाकलेल्या पैशाचे काय होते? तो कोणत्या राज्यात पडतो आणि त्याचे फळ कोणाला मिळते?

मित्रहो, हा प्रश्न आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी आपल्या ऐन तारुण्यात हाच प्रश्न अभ्यासाला घेतला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विकास हा त्यांच्या कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधाचा विषय. तो ग्रंथ १९२५ साली लंडनला प्रसिद्ध झाला. १८३३ ते १९२१ या काळात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, याचा तो इतिहास आहे. त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि बाबासाहेबांनी तो अर्पण केला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना. का? तर १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवले होते म्हणून.

इथे जरा थांबू या. ही शिष्यवृत्ती कोणत्या तिजोरीतून आली? शेजारच्या संस्थानाच्या. नवसारी, व्यारा, सोनगड हा मुलूख तेव्हा बडोदा संस्थानात होता आणि आपला नाशिक जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या संस्थानाला लागू केले. सीमेच्या अलीकडे, इंग्रजी अमलात, तसा कायदा नव्हता. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यासाठी विधेयक मांडले, ते १९१२ साली फेटाळले गेले. कर दोन्हीकडचा शेतकरी भरत होता. एका बाजूला त्या कराची शाळा झाली, दुसऱ्या बाजूला झाली नाही.

त्याही आधी, १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. आणि १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी तो हिशेब आकड्यांत दाखवला. सरकार शिक्षणावर दर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूवरच्या अबकारीतून दर माणशी त्याच्या दुपटीहून अधिक वसूल करते, तेव्हा निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी सरकारला सुनावले. त्याच वर्षी त्यांनी शेतसाऱ्यावरही बोट ठेवले. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नापर्यंत माफ असतो, शेतसारा मात्र दोन एकरवाल्यालाही सुटत नाही, हा कुठला न्याय?

या थोर पुरुषांकडून आपण एवढे शिकावे की कराचा दर पाहून राज्य चांगले की वाईट हे ठरवू नये. तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाकडून घेतला? तो कशावर खर्च झाला? आणि ज्याच्याकडून घेतला त्याला त्यातले काय मिळाले? या तीन प्रश्नांनी आता महाराष्ट्र आणि गुजरात हे दोन शेजारी पाहू.

ही दोन भावंडे १९५६ ते १९६० एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होती. १ मे १९६० रोजी वाटणी झाली. मुंबई आपल्याकडे आली, डांग त्यांच्याकडे गेला. कायदे बहुतेक तेच राहिले, पण तिजोऱ्या वेगळ्या झाल्या. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली आणि अबकारीच्या मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडले. महाराष्ट्राने परवाने दिले आणि ते उत्पन्न घेतले. पेट्रोल-डिझेलवर महाराष्ट्राचा कर जास्त, म्हणून सीमेपलीकडे टाकी भरून येणारे वाहनचालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. गुजरातने २००७ साली जकात उठवली, मुंबईत मात्र ती २०१७ पर्यंत चालली. एवढ्यावरच थांबलो तर कोणीही म्हणेल की गुजरात स्वस्त आणि महाराष्ट्र महाग. पण आपण दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारायचे ठरवले आहे.

त्यासाठी १९७२ च्या दुष्काळाकडे यावे लागेल. मी तेव्हा लहान होतो. माझी आई खडी फोडायला जायची. पदराला बांधून आणलेली सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी यांची चव अजून जिभेवर आहे. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि १९६५ साली तासगाव भागात त्यांनी हा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. पण हमी द्यायची म्हणजे पैसा हवा. तो कुठून आणायचा? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसायकराचा कायदा केला. मुंबई-पुण्यातल्या कारखान्यात, बँकेत, कचेरीत काम करणाऱ्यांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची, इतर काही करांवर अधिभार घ्यायचा, आणि जेवढे जमेल तेवढेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे. हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता द्यावा लागेल, असे कायद्यात लिहिले गेले.

म्हणजे बघा, मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयातून आमच्या शिवारात पाझर तलाव झाला, नाल्याला बांध पडला आणि माझ्या आईसारख्या हजारो बायांच्या चुली पेटल्या. व्यवसायकर गुजरातनेही १९७६ साली आणला, पण कराला अशी कामाची हमी जोडणारे राज्य महाराष्ट्रच होते. पुढे २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. त्यात अकुशल मजुरी केंद्र देत असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस १०० चे १२५ झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागेल अशी तरतूद आली. राज्य तो वाटा कुठून आणणार, हा प्रश्न म्हणूनच मजुरांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

आता आपली पाठ आपणच थोपटून घ्यायची नाही. २०२२ च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील सीमेवरच्या गावकऱ्यांनी आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली. सांगलीच्या जत तालुक्यातील गावांचा कर्नाटकात जाण्याचा विषयही त्याच सुमारास गाजला. सुरगाण्याच्या लोकांना गुजराती भाषेचे प्रेम आले होते का? नाही. त्यांनी रस्ते, दवाखाना, पाणी, वीज यांची तुलना केली होती. ओढ्यापलीकडच्या गावात रात्री दिवे जळतात आणि आपल्याकडे अंधार, हे माणूस रोज पाहतो. गुजरातने २००३ नंतर ज्योतिग्राम योजनेत गावठाणाची वीजवाहिनी शेतीपंपांपासून वेगळी केली आणि घराघराला अखंड वीज देण्यावर भर दिला. महाराष्ट्र हे श्रीमंत राज्य खरे, पण त्याची श्रीमंती सुरगाण्याच्या पाड्यापर्यंत पोचेपर्यंत आटून जाते. राज्याची सरासरी पाहून समाधान मानणाऱ्यांना त्या गावकऱ्यांनी दिलेला तो धडा होता.

काही जण आणखी वरचा प्रश्न काढतात. महाराष्ट्र दिल्लीला एवढा कर देतो, त्याला परत किती मिळते? संविधानाच्या २८० व्या कलमाप्रमाणे वित्त आयोग ही वाटणी ठरवतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी केंद्राच्या वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले. त्या रकमेत महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, गुजरातचा ३.४७८, तर बिहारचा १०.०५८ आणि उत्तर प्रदेशचा १७.९३९ टक्के ठरला. यावर रागावणारे पुष्कळ आहेत. केंद्राचे उपकर आणि अधिभार या वाटपात येत नाहीत, त्याबद्दल राज्यांनी जरूर भांडावे. पण गरीब राज्याला जास्त का, हा प्रश्न आपल्या तोंडी शोभत नाही. मुंबईच्या कारकुनाने माझ्या आईसाठी का भरावे, असे १९७५ साली महाराष्ट्राने म्हटले असते तर आज मी तुमच्यापुढे उभा राहिलो नसतो. जो न्याय मुंबई आणि देवळा यांच्यात, तोच महाराष्ट्र आणि बिहार यांच्यात. बाबासाहेबांच्या बंधुतेला तिजोरीच्या भाषेत हाच अर्थ आहे.

आता मावशींच्या नातवाकडे येऊ. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला. सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. या कराचा नियम असा की माल जिथे बनतो तिथे नव्हे, जिथे तो वापरला जातो त्या राज्याला राज्याचा हिस्सा मिळतो. सुरतेत विणलेली साडी तुम्ही देवळ्यात घेतली तर राज्याचा कर महाराष्ट्राला. मावशींचा मुलगा मात्र सुरतेत राहतो. तो तिथे चप्पल घेतो, साबण घेतो, गाडीत पेट्रोल भरतो. त्या प्रत्येक वस्तूवर राज्याचा म्हणून जो कर बसतो तो गुजरातच्या तिजोरीत जातो. वीस वर्षे त्याने तिथे घाम गाळला आणि वीस वर्षे कर भरला. बदल्यात त्याला काय मिळाले?

काही गोष्टी त्याच्याबरोबर चालतात. रेशन चालते. एक देश एक रेशनकार्ड या योजनेचा पहिला प्रयोग ज्या राज्यांच्या जोड्यांत झाला त्यात आपलीच जोडी होती. ९ ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्राच्या कार्डावर गुजरातेत आणि गुजरातच्या कार्डावर महाराष्ट्रात धान्य मिळू लागले. भविष्य निर्वाह निधी चालतो, त्याचा एकच क्रमांक देशभर राहतो. केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि केंद्रीय शिक्षणसंस्था यांतले आरक्षणही चालते.

जे चालत नाही ते राज्याच्या सवलतींचे. संविधानाच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी त्या त्या राज्यापुरती असते. महार जात महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि गुजरातच्याही यादीत आहे. तरीही इथून तिथे गेलेल्या माणसाला गुजरात राज्याच्या सवलती मिळत नाहीत. उलट बाजूही सांगतो, म्हणजे दोष एकट्या शेजाऱ्यावर जाणार नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला या विषयावरचा प्रमुख खटला मुंबईतल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाचा होता. आंध्र प्रदेशातून वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रातल्या राखीव जागेचा हक्क नाही, असा निकाल लागला. २०१८ साली घटनापीठाने राज्यांच्या नोकऱ्यांबाबतही हेच तत्त्व कायम केले. न्यायालयाचे म्हणणे असे की जातीचे मागासपण प्रदेशाप्रदेशात वेगळे असते आणि बाहेरून येणाऱ्यांना वाटा दिला तर तिथल्या मूळ दुर्बलांचा घास कमी होतो. या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

आपल्या समाजाने तर हा दुहेरी हिशेब आणखी जवळून सोसला आहे. १९५६ साली धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लोकांच्या सवलती गेल्या. १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, तब्बल चौतीस वर्षे, थांबावे लागले. तोच माणूस, तेच दारिद्र्य. मुंबईच्या तिजोरीला तो दिसत होता, दिल्लीच्या तिजोरीला दिसत नव्हता. अनेकांनी कागदावर जुनी जात ठेवली, अनेकांनी ठेवली नाही आणि किंमत मोजली. आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायला नको.

दुसरीकडे जगात काय चालते तेही पाहावे. युरोपीय संघात २७ स्वतंत्र राष्ट्रे आहेत. प्रत्येकाचा कर वेगळा. मूल्यवर्धित कराचा मुख्य दर हंगेरीत २७ टक्के, लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के. पण एका देशात राहून दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्या माणसासाठी त्यांनी सामाजिक सुरक्षेचे सामाईक नियम केले आहेत. फ्रान्समध्ये राहणारा मजूर रोज लक्झेंबर्गला कामाला गेला तर साधारणपणे तो वर्गणी लक्झेंबर्गला भरतो आणि मुलांचा भत्ताही तिथून मिळवू शकतो, मुले फ्रान्समध्ये असली तरी. निरनिराळ्या देशांत भरलेली वर्षे निवृत्तिवेतनाचा हक्क ठरवताना एकत्र धरली जातात. जिथे घाम आणि वर्गणी, तिथला हक्क, हे त्यामागचे तत्त्व आहे. वेगवेगळी राष्ट्रे हे करू शकतात, आणि एकाच राष्ट्रातल्या दोन राज्यांमध्ये आपला नातू अडकतो. कारण आपल्याकडे अनेक अभ्यासक्रमांच्या राज्याच्या जागांना अधिवासाची आणि दहावी-बारावी राज्यातूनच झालेली असण्याची अट असते. तिकडे दाखला नडतो, इकडे शाळा नडते. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी त्याची गत होते.

यावर उपाय काय? गुजरातच्या राखीव जागा आम्हाला द्या, अशी मागणी मी करणार नाही. तिथल्या दलित बांधवांच्या ताटातले आपल्याला नको. आपली मागणी आपल्या घराकडे आहे. पोटासाठी राज्याबाहेर गेलेल्या मजुराचे मूल महाराष्ट्राने आपलेच मानावे आणि त्याची बाहेर झालेली शाळा त्याच्या आड येऊ देऊ नये. आणि ज्या राज्यात तो कर भरतो त्या राज्याने दवाखाना, शाळा आणि मजूर कल्याणाच्या सोयी त्याला जात-भाषा न विचारता द्याव्यात. ही मागणी अर्ज करून, आमदार-खासदारांना भेटून, आकडे घेऊन करायची आहे.

तोवर पालकांनी काही गोष्टी गाठीला बांधाव्यात. राज्याबाहेर जाण्यापूर्वी वडिलांचा जातीचा दाखला आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, म्हणजे आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद किंवा गावचा उतारा, जपून ठेवा. मूल परराज्यात जन्मले तरी त्याचा मूळ प्रांत वडिलांवरून ठरतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थ्याचे मूळ राज्य देते, म्हणून महाराष्ट्राचा रहिवासी विद्यार्थी दुसऱ्या राज्यात शिकत असला तरी अर्ज महाराष्ट्राकडेच करायचा असतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अर्जच न करणारी मुले मी पाहिली आहेत. आणि केंद्रीय संस्थांचे दरवाजे कोणत्याही राज्यातून उघडे आहेत, तिकडे मुलांची नजर वळवा.

मावशींना मी हे सारे सांगितले. नातवाचा शिष्यवृत्तीचा मार्ग कळला, राज्याच्या जागेचा प्रश्न काही सुटला नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे कांद्याला रस्ता मोकळा अन् पोराला नाही." यापेक्षा नेमके अर्थशास्त्र मला सांगता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी तहसीलदार होईल, कोणी करअधिकारी, कोणी वकील. अर्थसंकल्प वाचायला शिका. घासाघासावर आपण कर भरतो, म्हणून सवलत मागताना मान खाली घालायचे कारण नाही. आणि खुर्चीवर बसाल तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाला तू कुठला, असे विचारण्याआधी तो काय भरून आला आहे ते आठवा.